लंडनचा टॅक्सीवाला, त्याचा मेंदू आणि संशोधनाच्या पावत्या



आपल्या वस्त्यांमधली मुले-मुली आता एम.एस्सी., पीएच.डी.पर्यंत पोहोचू लागली आहेत. वडील महापालिकेच्या सफाई खात्यात, आई चार घरची धुणीभांडी करते आणि मुलगी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, अशी घरे आता अपवाद राहिली नाहीत. ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र या मुलांबरोबर घरात काही नवे शब्दही आले आहेत. "पेपर छापून आला का?", "सायटेशन किती झाले?", "एच-इंडेक्स किती?" आई-वडील ऐकतात, मान हलवतात आणि गप्प बसतात.

एका उपासिकेने आम्हाला विचारले, "माझी मुलगी सांगते, मेंदूवर संशोधन करणाऱ्या अमुक बाईंच्या निबंधाला हजारो सायटेशन आहेत, म्हणून त्या मोठ्या. मला एवढेच सांगा, पुष्कळ लोकांनी नाव घेतले म्हणजे माणसाचे म्हणणे खरे ठरते का?"

प्रश्न साधा आहे, पण मुळावर बोट ठेवणारा आहे. आपला समाज हजारो वर्षे ज्या विचारांखाली भरडला गेला, ते विचारही पुष्कळांनी, पुष्कळ वेळा आणि मोठ्या आदराने उच्चारलेलेच होते. म्हणून या वेळी आपण एका मेंदू-संशोधिकेचे काम नीट समजून घेऊ. त्यातून सायटेशन म्हणजे काय ते कळेल आणि "अभ्यास यांच्या डोक्यात बसायचा नाही" असे आपल्या मुलांना ऐकवणाऱ्यांना काय उत्तर द्यायचे, तेही कळेल.

सायटेशन म्हणजे पावती

संशोधक आपले काम शोधनिबंधाच्या रूपाने एखाद्या शास्त्रीय नियतकालिकात छापतो. छापण्यापूर्वी त्याच विषयातले इतर जाणकार तो तपासतात. निबंधात ज्यांच्या ज्यांच्या कामाचा आधार घेतला असेल, त्यांची नावे, निबंधाचे शीर्षक, साल आणि पान शेवटी द्यावे लागते. ही झाली आधाराची पावती. उद्या दुसऱ्या कोणी आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचा असा उल्लेख केला, की तुमच्या नावावर एक सायटेशन जमा होते.

पूर्वी या पावत्या सहसा कोणी मोजत नसे. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नावाची सूची काढली. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कुठे कुठे झाला, हे त्या सूचीत पाहता येऊ लागले. मुळात ती शोधाशोध सोपी व्हावी म्हणून होती. पुढे मात्र तिच्यावरून माणसे आणि नियतकालिके मोजली जाऊ लागली. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. त्याचा हिशेब सोपा आहे. एखाद्याचे दहा निबंध असे आहेत की ज्यांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला, पण असे अकरा निबंध अकरा-अकरा उल्लेखांचे नाहीत, तर त्याचा एच-इंडेक्स दहा.

जयंती मंडळाचे पावतीपुस्तक आपल्याला माहीत आहे. किती घरांनी वर्गणी दिली, हे त्यावरून समजते. त्या पैशाचे काय झाले, वाचनालयाची पुस्तके आली की सगळे लाउडस्पीकरवर गेले, हे पावत्यांवरून समजत नाही. त्यासाठी जमाखर्चाची वहीच उघडावी लागते. सायटेशनचेही तसेच आहे. तो आकडा आपल्याला दारापर्यंत नेतो. आत काय आहे, ते निबंध वाचल्याशिवाय कळत नाही.

सोळा टॅक्सीवाले

या संशोधिकेचे नाव एलिनॉर मॅग्वायर. आयर्लंडच्या डब्लिन शहरात १९७० साली त्यांचा जन्म झाला. शिक्षण मुख्यतः डब्लिनला झाले आणि पुढचे बहुतेक काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मेंदूशास्त्रात त्यांचे नाव ज्या निबंधाने सर्वतोमुखी झाले, तो कोणा प्राध्यापकांच्या किंवा राजघराण्यातील लोकांच्या मेंदूवर नव्हता. तो होता टॅक्सीवाल्यांच्या मेंदूवर.

लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायचा परवाना मिळवणे म्हणजे तपश्चर्याच आहे. चेअरिंग क्रॉस या ठिकाणापासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते आणि त्यांवरची हजारो ठिकाणे तोंडपाठ करावी लागतात. या अभ्यासाला तिकडे नुसते 'नॉलेज', म्हणजे 'ज्ञान' म्हणतात. उमेदवार छोट्या मोटारसायकलवर नकाशा अडकवून ऊन-पावसात गल्ल्या पालथ्या घालतो. मग परीक्षक समोर बसवून तोंडी विचारतो, "या दारापासून त्या दारापर्यंत कसा जाशील?" उमेदवाराने प्रत्येक वळण क्रमाने सांगायचे. साधारण तीन-चार वर्षे यात जातात आणि अनेक जण मधेच सोडून देतात. प्रिमरोझ हिल भागातील १०, किंग हेन्रीज रोड हे घर, जेथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले आणि जे २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले, तेही या सहा मैलांच्या आतच येते. तो रस्ताही त्या उमेदवाराला माहीत असावा लागतो.

मॅग्वायरबाईंच्या मनात प्रश्न आला, की एवढे शहर ज्याच्या डोक्यात मावते, त्याच्या मेंदूत काही फरक पडत असेल का? मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे. समुद्रघोड्यासारखा आकार, म्हणून हे नाव. आठवणी साठवणे आणि जागा ओळखणे यांत त्याचा मोठा हात असतो. अन्न लपवून ठेवणाऱ्या आणि ते नंतर शोधून काढणाऱ्या पक्ष्यांमध्ये हा भाग मोठा असतो, हे आधीच्या संशोधनातून माहीत होते. माणसाचे काय?

त्यांनी परवानाधारक १६ टॅक्सीचालकांच्या मेंदूची एम.आर.आय. चित्रे काढली. टॅक्सी न चालवणाऱ्या ५० निरोगी पुरुषांच्या चित्रांशी त्यांची तुलना केली. टॅक्सीचालकांमध्ये हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा आढळला. पुढचा भाग मात्र लहान होता. शिवाय, ज्याने जास्त वर्षे टॅक्सी चालवली, त्याच्या उजव्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग जास्त मोठा, असाही संबंध दिसला. या सोळा जणांत दीड वर्ष टॅक्सी चालवलेला होता आणि बेचाळीस वर्षे चालवलेलाही होता. हा निबंध २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्यावर मॅग्वायरबाईंसह सात संशोधकांची नावे आहेत.

गंमत पाहा. २००३ साली याच कामाला 'इग् नोबेल' मिळाले. हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा हा विनोदी पुरस्कार आहे. टॅक्सीवाल्याचा मेंदू हा तेव्हा काहींना हसण्याचा विषय वाटला. त्या निबंधाचे उल्लेख आज हजारोंच्या घरात आहेत आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो शिकवला जातो. २०१६ साली त्या रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या.

शंका आली, तेव्हा काय केले?

निबंध गाजला, पण शंकाही आल्या आणि त्या रास्त होत्या. पहिली शंका अशी की, माणसे फक्त सोळा. दुसरी अशी की, हा फरक रस्ते पाठ केल्याने पडला, की दिवसभर गाडी चालवण्याने, की रहदारीच्या ताणाने? तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची. ज्यांचा मेंदू जन्मतःच तसा असतो, तेच या धंद्यात टिकत असतील तर? म्हणजे अभ्यासाने मेंदू बदलला, की मेंदू तसा होता म्हणून अभ्यास जमला?

ही तिसरी शंका आपल्या ओळखीची आहे. "हुशारी रक्तात असते", "ज्याचे त्याला शोभते", ही वाक्ये आपण कार्यालयात, कॉलेजात, लोकलच्या डब्यात ऐकली आहेत. फरक एवढाच की, आपल्या बाबतीत ते निकाल म्हणून ऐकवले जाते आणि तपासायची कोणाला गरज वाटत नाही. मॅग्वायरबाईंनी ती शंका तपासायला घेतली.

२००६ साली त्यांनी टॅक्सीचालकांची तुलना लंडनच्या बसचालकांशी केली. बसचालकही तितकीच वर्षे, त्याच शहरात, त्याच गर्दीत गाडी चालवतो. पण त्याचा मार्ग ठरलेला असतो. टॅक्सीचालकाचा मार्ग प्रवासी बसल्यावर ठरतो. मेंदूतला तो फरक टॅक्सीचालकांतच दिसला. म्हणजे चाक हातात धरण्याने किंवा ताणाने तो येत नव्हता.

मग त्यांनी आणि कॅथरीन वूलेट यांनी खरी कसोटी लावली. 'नॉलेज'चा अभ्यास नुकताच सुरू करणारे ७९ उमेदवार आणि त्या धंद्यात नसलेले ३१ जण घेतले. सुरुवातीलाच सर्वांच्या मेंदूची चित्रे काढली, स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतल्या. त्या वेळी कोणामध्ये काही फरक नव्हता. तीन-चार वर्षे थांबून त्यांनी पुन्हा चित्रे काढली. ७९ पैकी ३९ जणांना परवाना मिळाला होता. परवाना न मिळालेले २० जणही पुन्हा तपासणीला आले. हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात वाढ दिसली ती फक्त परवाना मिळालेल्या ३९ जणांमध्ये. न मिळालेल्यांमध्ये नाही आणि बाहेरच्या ३१ जणांमध्येही नाही. हा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे आधी सारखे असलेले मेंदू अभ्यासानंतर वेगळे झाले. तेही मोठ्या वयाच्या माणसांचे. मोठेपणी मेंदू जसा असतो तसाच राहतो, या जुन्या समजुतीला यामुळे चांगलाच धक्का बसला.

तासांचा हिशेब

या निबंधात एक आकडा आहे, तो प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा. ज्यांना परवाना मिळाला, ते आठवड्याला सरासरी चौतीस-पस्तीस तास अभ्यास करत होते. ज्यांना मिळाला नाही, ते सतरा तासांच्या आसपास. जवळजवळ निम्मा वेळ! सुरुवातीला दोघांच्या मेंदूत आणि स्मरणशक्तीत फरक नव्हता, हे वर आलेच आहे. फरक तासांत होता.

हे तास कोठून येतात? ज्याच्या घरी वेगळी खोली आहे, टेबल आहे, पंखा आहे, कोणी पाणी भर म्हणून हाक मारत नाही, त्याला ते मिळतात. जो मुलगा सकाळी पेपर टाकतो, कॉलेज करतो आणि रात्री दुकानात उभा राहतो, त्याला चौतीस तास कोण देणार? आणि परीक्षेत तो मागे पडला की म्हणायचे, "बुद्धीच कमी"!

बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांना हा हिशेब कळला होता. परळच्या चाळीतील एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. रामजी भीमाला संध्याकाळी लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून त्याच्या जागी आपण झोपत. चरित्रकारांनी हे नोंदवून ठेवले आहे. घरात जागा नव्हती, तर त्यांनी रात्रीतून तास काढले. कोणी म्हणेल, बाबासाहेब जन्मतःच असामान्य होते. असतील. पण ते असामान्यत्व पुस्तकांपर्यंत पोहोचावे म्हणून एक बाप रात्री दोन वाजेपर्यंत जागत होता, हे विसरून कसे चालेल?

जेवढे सिद्ध झाले, तेवढेच

उत्साहाच्या भरात आपण या संशोधनातून नको तेवढा अर्थ काढू नये. मेंदू म्हणजे मातीचा गोळा, हवा तसा वळवा, असे मॅग्वायरबाईंनी म्हटलेले नाही. परवाना मिळालेल्यांच्या मेंदूत बदलण्याची क्षमताच मुळात काही अधिक असेल, ही शक्यता पूर्ण नाकारता येत नाही, असे त्या निबंधातच लिहिले आहे. दुसरे म्हणजे, हे बदल काही फुकट मिळत नाहीत. रस्त्यांत तरबेज झालेले हे चालक एक गुंतागुंतीची नवी आकृती पाहून नंतर आठवणीने काढायच्या चाचणीत इतरांपेक्षा मागे पडले. एका बाजूला कमावताना दुसऱ्या बाजूला थोडे द्यावे लागले असावे. तिसरे म्हणजे, हे एका प्रकारच्या शिक्षणाबद्दलचे संशोधन आहे. ते जसेच्या तसे गणिताला किंवा इंग्रजीला लावता येणार नाही.

एवढे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. "मेंदू जन्माने ठरतो आणि तेथेच गोष्ट संपते", असे म्हणणाऱ्याला आता पुरावा द्यावा लागेल.

उल्लेख पुष्कळ, गोष्ट खोटी

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे वळू. पुष्कळ उल्लेख झाले म्हणजे गोष्ट खरी का?

१९९८ साली इंग्लंडमधील अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टराचा एक निबंध 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आला. फक्त १२ मुलांच्या आधारावर त्यात गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, जोडण्याचा प्रयत्न होता. पुढे त्यात लबाडी झाल्याचे उघड झाले आणि २०१० साली तो निबंध मागे घेण्यात आला. त्या भीतीने कित्येक आई-बापांनी मुलांना लस दिली नाही. या निबंधाचेही सायटेशन भरपूर आहेत! त्यांतले बहुसंख्य, तो कसा चुकीचा होता हे सांगण्यासाठी केलेले आहेत. पण मोजणाऱ्या यंत्राला स्तुती आणि निंदा यांतला फरक कळत नाही. दोन्हींची पावती एकच.

आकडा वाढायची आणखीही कारणे असतात. स्वतःच स्वतःचा उल्लेख करणारे असतात, मित्राने मित्राचा उल्लेख करणारे असतात. ज्या विषयात माणसे जास्त, तेथे पावत्याही जास्त फाटतात. आदिवासी पाड्यातील कुपोषणावर काम करणाऱ्याला वाचक थोडे, म्हणून त्याचे काम कमी मोलाचे का? शास्त्रज्ञांनाही हे जाणवले. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अनेक संशोधक आणि संपादक एकत्र आले आणि नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाची किंमत ठरवू नका, असे त्यांनी जाहीरनाम्यात सांगितले.

आपल्याला आणखी जवळचे उदाहरण हवे असेल, तर ते हर्बर्ट रिस्ले यांचे आहे. या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील लोकांची डोकी आणि नाके मोजली. नाक जितके रुंद, तितकी जात खालची, असा सिद्धांत त्याने मांडला. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता. त्याचा दबदबा मोठा, त्याचे दाखले देणारेही पुष्कळ. जातीची उतरंड निसर्गानेच घातली आहे, असे सांगायला अनेकांना हे शास्त्र सोयीचे पडले.

बाबासाहेबांनी काय केले? १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात, अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे म्हणून अस्पृश्यता आली, या मताचा त्यांनी समाचार घेतला. नाक मोजणे हे थोतांड आहे, एवढे म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी प्रा. घुर्ये यांनी दिलेली मोजमापेच पुढे ठेवली. हे शास्त्र मानायचे असेल, तर त्याच आकड्यांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या मोजपट्टीने आपल्याला कमी ठरवले जात होते, तीच त्यांनी हातात घेतली आणि पुन्हा मोजले. कितींनी दाखला दिला, हे त्यांनी पाहिले नाही. आकडे काय म्हणतात, ते पाहिले.

बाबासाहेबांचा पहिला शोधनिबंध

याचा अर्थ दाखले देणे निरर्थक आहे, असा नाही. दाखला कसा द्यावा, हेही बाबासाहेबांकडूनच शिकावे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी हिंदुस्थानातील जातींवर निबंध वाचला. तो १९१७ च्या मे महिन्यात 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. बाबासाहेबांचा छापून आलेला हा पहिला शोधनिबंध.

त्यात ते आधी चौघांच्या व्याख्या मांडतात. फ्रेंच विद्वान सेनार, नेसफिल्ड, वर आलेले तेच रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर. नाव लपवलेले नाही, म्हणणे मोडतोड करून मांडलेले नाही. मग प्रत्येकात काय जास्त आणि काय उणे, ते सांगतात. केतकरांच्या व्याख्येचे मोल ते मान्य करतात आणि लगेच म्हणतात, की केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे सांगितली, ती दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करू द्यायचे नाही, हेच जातीचे मूळ. ज्याच्याकडून घेतले त्याची पावती द्यायची आणि त्याच्याशी मतभेद असेल तर तोही उघड सांगायचा. संशोधनातला प्रामाणिकपणा हाच.

तथागतांनी केसपुत्त गावी कालामांना जो उपदेश केला, तो आपण विहारात अनेकदा ऐकतो. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका. स्वतः पडताळा, हिताचे काय आणि अहिताचे काय ते पाहा आणि मग स्वीकारा. कोणाच्या निबंधाला हजारो सायटेशन आहेत म्हणून तो मानणे, हे त्याच जुन्या सवयीचे नवे रूप झाले. मॅग्वायरबाईंचा निबंध आपण मानतो, तो त्याच्या पावत्या मोजून नव्हे. शंका घेतली गेली तेव्हा त्यांनी बसचालक तपासले आणि तीन-चार वर्षे थांबून ५९ उमेदवार पुन्हा तपासले, म्हणून मानतो.

घरी आणि विहारात काय करता येईल?

ज्यांची मुले संशोधनाकडे वळली आहेत, त्यांनी मुलांना चार प्रश्न विचारावेत. इंग्रजी येत नसले तरी हे प्रश्न विचारता येतात. किती माणसे तपासली? तुलना कोणाशी केली? शंका कोणी घेतली आणि तिचे उत्तर काय दिले? यातून काय सिद्ध होत नाही? ज्या मुलीला ही चार उत्तरे आपल्या आईला मराठीत सांगता आली, तिला निबंध समजला असे खुशाल समजा.

शाळेतल्या मुलांसाठी मॅग्वायरबाईंचे आणखी एक काम उपयोगी आहे. २००३ साली त्यांनी स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धांत नावाजलेल्यांसह तल्लख स्मरणशक्तीच्या दहा जणांचा अभ्यास केला. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा वरचढ नव्हती आणि मेंदूची रचनाही वेगळी नव्हती. दहापैकी नऊ जण एक युक्ती वापरत होते. ओळखीचा रस्ता मनात आणायचा आणि लक्षात ठेवायची एकेक गोष्ट त्या रस्त्यावरच्या एकेका ठिकाणी ठेवायची. मग मनातल्या मनात त्या रस्त्याने चालत गेले की सगळे क्रमाने आठवते. आपल्या मुलांना हे सहज जमेल. घराचा उंबरा, नळ, पिंपळ, विहाराची पायरी, बाबासाहेबांचा पुतळा, पानाची टपरी. इतिहासाच्या सनावळ्या एकेका ठिकाणी ठेवून पाहाव्यात. पूर्वीच्या भिक्खूंनी तर तथागतांची वचने लिहिली जाण्यापूर्वी कित्येक पिढ्या केवळ पाठांतराने जपली.

आणि तासांचे काय? हा प्रश्न एकेकट्या घराने सुटणारा नाही. आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे. वंदनेचा वेळ सोडला, तर अनेक ठिकाणी तो दिवसभर कुलूपबंद असतो. संध्याकाळी सात ते रात्री अकरा तो अभ्यासिका म्हणून उघडा ठेवला, दोन ट्यूबलाइट आणि सतरंज्या टाकल्या, पाळीपाळीने एक वडीलधारा माणूस तेथे बसला, तर रोज चार तास मिळतात. सहा दिवसांचे चोवीस तास झाले. उरलेले दहा-अकरा तास मुलाने सकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काढावेत. चौतीस तास पुरे होतात! जेथे अशी अभ्यासिका चालू आहे, त्या मंडळांनी वेळ आणि व्यवस्था आम्हाला जरूर कळवावी, म्हणजे इतरांना तिचा नमुना घेता येईल. जेथे नाही, तेथे येत्या पौर्णिमेच्या बैठकीत कोणीतरी आधी एवढेच विचारावे, विहाराची किल्ली कोणाकडे आहे?

जयभीम.